टोमॅटो या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनोळखी वस्तू समोर आली की माणूस तिला दोनच तऱ्हांनी नाव देतो. ती ज्यांच्याकडून आली त्यांचा शब्द जसा ऐकू आला तसा उचलतो, नाहीतर आपल्या ओळखीच्या एखाद्या वस्तूचं नाव तिला लावून टाकतो. सोळाव्या शतकात टोमॅटो अमेरिकेतून बाहेर पडला आणि जगभरच्या भाषांनी या दोन्ही गोष्टी केल्या. म्हणून त्याची नावं नुसती जमवून भागत नाही. तो कुणाच्या हातून कुठे पोचला आणि पाहणाऱ्याला तो कशासारखा दिसला, हे त्या नावांत वाचता येतं. पुढचे प्रश्न त्याबद्दलचे आहेत.

‘टोमॅटो’ हा शब्द मुळात कोणत्या भाषेतला?

नाहुआत्ल या भाषेतला. मेक्सिकोतल्या अझ्टेक लोकांची ही भाषा. मूळ शब्द ‘तोमात्ल’. त्याचं नातं ‘तोमावा’ या क्रियापदाशी आहे, त्याचा अर्थ फुगणं, जाड होणं. म्हणजे तोमात्ल हे मुळात एका फळाचं नाव नव्हे, ते वर्णन आहे: रसानं टच्च भरलेलं गोल फळ.

टोमॅटोचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेतल्या पेरू-इक्वेडोरच्या पट्ट्यात वाढतात. पण त्याची लागवड रुजली आणि त्याला जगभर गेलेलं नाव मिळालं ते मेक्सिकोत.

मग तोमात्ल म्हणजे आपण ओळखतो तो लाल टोमॅटोच ना?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. नुसतं ‘तोमात्ल’ म्हटलं की प्रामुख्यानं डोळ्यांसमोर येई ते कागदासारख्या कोशात दडलेलं लहान हिरवं फळ. मोठ्या लाल फळाचं नाव ‘शितोमात्ल’. शेतातल्या हिरव्या जातीला ‘मिल्तोमात्ल’ म्हणत, कारण ‘मिल्ली’ म्हणजे शेत. तोमात्ल हे सगळ्या कुळाचं आडनाव आणि पुढचा भाग हे प्रत्येकाचं स्वतःचं नाव, असं समजलं तर चालेल.

स्पॅनिश लोकांनी तो फरक फारसा जपला नाही. युरोपात गेलेल्या लाल फळालाही त्यांनी ‘तोमाते’ हेच नाव दिलं. मध्य मेक्सिकोत मात्र हा भेद आजही जिवंत आहे: लाल तो ‘हितोमाते’, हिरवा तो ‘तोमाते’. बाहेरच्या जगात त्या हिरव्याला ‘तोमातिल्यो’, म्हणजे छोटा टोमॅटो, म्हणतात. ज्याचं नाव होतं तोच ‘छोटा’ ठरला आणि ज्यानं नाव घेतलं तो थोर झाला.

सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकानं नाहुआत्ल भाषिकांकडून त्यांच्या जीवनाची तपशीलवार माहिती लिहून घेतली. तिच्यात तोमात्ल विकणाऱ्याचं वर्णन आहे आणि त्याच्यापुढच्या फळांच्या जाती एकामागून एक मोजल्या आहेत. इतक्या बारीक भेदांना ज्या भाषेत वेगवेगळी नावं होती, तिच्यातून जगानं उचलला तो एकच शब्द. मला याची खरोखर हळहळ वाटते.

‘तोमात्ल’चा ‘तोमाते’ कसा झाला? आणि शेवटचा ‘ओ’ कुठून आला?

नाहुआत्लमधल्या अनेक नामांच्या शेवटी ‘त्ल’ येतो. हा एकच ध्वनी आहे, जिभेच्या कडेनं हवा सोडत उच्चारलेला, आणि स्पॅनिश जिभेला तो वळेना. म्हणून ‘त्ल’च्या जागी ‘ते’ बसला. ‘कोयोत्ल’चा कोयोते झाला, ‘आवाकात्ल’चा आग्वाकाते झाला (ज्याला आपण आज अ‍ॅव्होकाडो म्हणतो) आणि त्याच नियमानं तोमात्लचा तोमाते झाला. पोर्तुगीज आणि फ्रेंच भाषांनी स्पॅनिश रूप जवळजवळ तसंच घेतलं.

इंग्रजीतही सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द स्पॅनिशप्रमाणेच आला, शेवटी ‘ओ’ नव्हता. पुढे अठराव्या शतकात त्याचं ‘टोमॅटो’ झालं ते ‘पोटॅटो’च्या नादानं. दोन्ही अमेरिकेतून आलेली, दोन्ही एकाच वनस्पतिकुळातली, मग नावंही यमकात बसली. ‘पोटॅटो’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतल्या ‘बटाटा’वरून आलेला. मराठीनं पोर्तुगीजांकडून तो ‘बटाटा’ जवळपास मूळ रूपातच घेतला, पण टोमॅटो मात्र इंग्रजीच्या हातून घेतला. त्यामुळे आपल्या ‘टोमॅटो’तला शेवटचा ‘ओ’ हा खरं तर बटाट्याच्या इंग्रजी नावाचा आहे.

इटालियन लोक टोमॅटोला ‘पोमोदोरो’ का म्हणतात?

‘पोमो द’ओरो’ म्हणजे सोन्याचं सफरचंद. ‘पोमो’ हा शब्द कोणत्याही गोल फळाला लागत असे, त्यामुळे ‘सोनेरी फळ’ म्हटलं तरी चालेल.

पिएत्रो आंद्रेआ मात्तिओली या वैद्यानं १५४४ साली या नव्या फळाचं वर्णन केलं: हिरवं असतं, पिकलं की सोनेरी होतं. तेव्हा त्यानं वेगळं नाव दिलं नव्हतं. ‘पोमी द’ओरो’ हे नाव त्याच्या ग्रंथाच्या १५५४ च्या आवृत्तीत येतं. पण शब्द त्याआधीच बोलण्यात असणार, कारण ३१ ऑक्टोबर १५४८ या तारखेच्या एका पत्रात तो सापडतो. फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो दे मेदिची तेव्हा पिसात होता. त्याच्या मळ्यातून आलेली पोमोदोरोची टोपली सुखरूप पोचली, एवढंच त्याच्या कारभाऱ्यानं कळवलं होतं. शब्दांच्या इतिहासात मला असले कागद फार मोलाचे वाटतात. नोंद करायची म्हणून कुणी लिहिलेलं नसतं, टोपली पोचल्याचं सांगायचं असतं.

इटलीतून हे नाव दोन दिशांना गेलं. पूर्वेकडे पोलिश, रशियन, लिथुआनियन, जॉर्जियन आणि अझरबैजानी भाषांत ते ‘पोमिदोर’च्या आसपासच्या रूपांत बसलं. रशियनमध्ये ‘तोमात’ आणि ‘पोमिदोर’ दोन्ही चालतात: झाडाला सहसा तोमात म्हणतात, फळाला पोमिदोर. दुसरीकडे भूमध्य सागर ओलांडून हे नाव सीरिया-लेबनॉनच्या अरबीत शिरलं. अरबीत ‘प’ नसल्यामुळे तिथे ते ‘बनदोरा’ झालं. त्याच अरबीच्या इजिप्तमधल्या रूपात ‘तमातिम’ आहे आणि मोरोक्कोत ‘मतिशा’, ज्यात तोमातेतल्या ध्वनींनी जागा बदलल्या आहेत. एक भाषा आणि दोन वाटांनी आलेली नावं.

अभ्यासाच्या ‘पोमोडोरो पद्धती’चा टोमॅटोशी काय संबंध?

फ्रान्चेस्को चिरिल्लो हा इटालियन विद्यार्थी १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यासाला बसत असे. पंचवीस मिनिटं काम आणि मग छोटी विश्रांती. घड्याळाचा आकार पद्धतीचं नाव झाला.

‘प्रेमाचं सफरचंद’ हे नाव कुठून आलं?

फ्रेंचमध्ये ‘पोम द’आमूर’, जर्मनमध्ये ‘लीबेसआप्फेल’, इंग्रजीत ‘लव्ह अ‍ॅपल’. ही नावं कित्येक पिढ्या चालली. इंग्रज वनस्पतिज्ञ जॉन जेरार्डनं १५९७ साली टोमॅटोचं वर्णन ‘प्रेमाची सफरचंदं’ याच नावाखाली केलं, आणि त्या झाडाचा वास त्याला अजिबात आवडला नव्हता.

लोकप्रिय गोष्ट अशी की मूळ शब्द ‘मूर लोकांचं’, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मुस्लिमांचं, सफरचंद असा होता, आणि ‘मोरी’ (मूर लोक) ऐकताना कुणीतरी ‘आमोर’ (प्रेम) ऐकलं. गोष्ट ऐकायला गोड आहे, पण मला ती पटत नाही. मात्तिओलीनं टोमॅटोचं वर्णन मँड्रेक या वनस्पतीच्या प्रकरणात केलं होतं. मँड्रेक टोमॅटोच्याच कुळातली. तिच्या फळांचा संबंध बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकापासून प्रेमाशी आणि संततीशी जोडलेला आहे. शेजारच्याची कीर्ती नव्या फळाला चिकटली, हे स्पष्टीकरण मला जास्त सरळ वाटतं.

हिब्रूत टोमॅटोच्या नावावरून वाद झाला होता, हे खरं का?

खरं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हिब्रू पुन्हा रोजच्या बोलण्यात आणली जात होती आणि असंख्य वस्तूंना नावं हवी होती. येखिएल मिखेल पिनेस यानं युरोपीय ‘प्रेमफळा’च्या धर्तीवर ‘अग्वानिया’ हा शब्द घडवला. त्यातली धातू आसक्तीची, कामभावनेची आहे. अनेकांना तो शब्द तोंडावर आणणं अवघड वाटलं. आधुनिक हिब्रूचा मोठा पुरस्कर्ता एलिएझर बेन-येहुदा यालाही तो नको होता. त्यानं अरबी बनदोरावरून ‘बदुरा’ सुचवला.

जिंकला तो अग्वानिया. आज तो शब्द वापरणाऱ्या कुणाच्या मनात कामभावना येत नाही, फक्त लाल फळ येतं. शब्द रोजच्या वापरात गेला की त्याची धार अशी झिजते.

हंगेरियनमध्ये टोमॅटो आणि स्वर्ग यांना एकच शब्द आहे का?

हो. ‘पॉरॉदिचोम’ म्हणजे स्वर्ग आणि टोमॅटोही. कोणता अर्थ घ्यायचा ते वाक्यावरून कळतं. जर्मन बोलणाऱ्या प्रदेशांत देखण्या लाल फळांना ‘स्वर्गातलं सफरचंद’ म्हणायची रीत होती, टोमॅटो आल्यावर ते नाव त्याला मिळालं. ऑस्ट्रियात तो अजून ‘पाराडाइझर’ आहे, सर्बियनमध्ये ‘पारादायझ’. चेक लोकांनी आपल्या भाषेतला स्वर्ग घेतला: ‘राय’ म्हणजे स्वर्ग, म्हणून ‘राय्चे’. क्रोएशियनमधलं ‘राय्चित्सा’ही तसंच. ही नावं एकमेकांशेजारच्या देशांत सापडतात, म्हणजे एकेकाळच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा बराचसा नकाशा त्यांतून काढता येतो.

युरोपीय भाषांतला हा ‘पॅराडाइझ’ शब्द प्राचीन इराणी भाषेतला. मूळ अर्थ भिंतीनं वेढलेली जागा, बंदिस्त बाग. टोमॅटोचं नाव असं शेवटी एका बागेत येऊन थांबतं.

इतक्या भाषांत टोमॅटोला ‘वांगं’ का म्हणतात?

कारण ते दिसायला खरंच भाऊ आहेत. फुलाची ठेवण, देठाला धरून बसणारा हिरवा पाकळीदार मुकुट: ज्यांनी वांगं पाहिलं होतं त्यांना नव्या फळात ते लगेच ओळखू आलं. वनस्पतिशास्त्रानं पुढे दोघांना एकाच प्रजातीसमूहात, सोलानममध्ये, बसवलं. सामान्य माणसांच्या डोळ्यांनी ते आधीच ओळखलं होतं, याचं मला फार कौतुक वाटतं.

चिनी भाषेत एक नाव ‘फान-छ्ये’, म्हणजे परकं वांगं. जपानीत जुनं नाव ‘आका-नासु’, लाल वांगं. व्हिएतनामीत ‘का चुआ’, आंबट वांगं, आणि बर्मी नावाचा अर्थही तोच. बंगालीत ‘बिलिती बेगुन’, ओडियात ‘बिलाती बाइगण’, दोन्ही विलायती वांगी. तुर्कीतही एकेकाळी ‘फ्रेंक पात्लिजानी’, म्हणजे फ्रँकांचं, युरोपीय लोकांचं, वांगं, असा शब्द होता. मराठीत टोमॅटोसाठी नोंदलं गेलेलं ‘वेलवांगी’ हे नावही याच पंगतीतलं.

आता वांग्याच्या शब्दाकडे वळू, कारण त्याचा प्रवास टोमॅटोहूनही लांबचा आहे. संस्कृतात ‘वातिङ्गण’ असा शब्द होता. त्याआधीचं मूळ द्राविडी असावं असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. हिंदी ‘बैंगन’ आणि मराठी ‘वांगं’ त्याच घराण्यातले. हाच शब्द इराणात ‘बादिंगान’ झाला, अरबीत ‘बादिंजान’, तुर्कीत ‘पात्लिजान’. अरबीतून तो स्पेनकडे जाऊन कॅटलानमध्ये ‘अल्बेर्जिनिया’ आणि फ्रेंचमध्ये ‘ओबेर्जीन’ बनला. पोर्तुगीज ‘बेरिंजेला’ उलट फिरून भारतात आला आणि इथल्या इंग्रजीत ‘ब्रिंजल’ होऊन राहिला.

तुर्की शब्द आग्नेय युरोपातल्या बाल्कन प्रदेशात गेला तेव्हा वांगं आणि टोमॅटो दोघांनाही तो पुरवून वापरला गेला. रोमानियनमध्ये टोमॅटो ‘पतलजा रोशिए’, लाल वांगं, झाला. पुढे वांगं गळालं आणि नुसतं ‘रोशिए’, म्हणजे ‘लाल’, उरलं. मॅसेडोनियनमध्ये त्याहून नवलाची गोष्ट घडली. तिथे ‘पात्लिजान’ म्हणजे टोमॅटो, आणि खऱ्या वांग्याला ‘निळं पात्लिजान’ म्हणून वेगळं काढावं लागतं. मराठीतलं ‘वांगं’ आणि मॅसेडोनियातला टोमॅटो हे शब्द एकाच मुळाचे! शब्दांची मुळं शोधायची गोडी मला लागली ती अशाच एखाद्या नात्यामुळे, आणि हे नातं समजावून सांगताना आजही मन भरून येतं.

‘परदेशी’ असं सांगणारी नावं आणखी कोणती?

फारसीत टोमॅटो म्हणजे ‘गोजे फरंगी’, फिरंगी आलूबुखारा. यातला ‘फरंगी’ मराठीतल्या ‘फिरंगी’चाच, मूळ फ्रँक लोकांवरून आलेला. असमिया ‘बिलाही’तही ‘विलायती’च दडलेला आहे. चिनीतलं दुसरं नाव ‘शी-होंग-शर्’, म्हणजे पश्चिमेचं लाल तेंदूफळ. त्यातलं ‘शी’ म्हणजे पश्चिम.

मला सगळ्यांत आवडतं ते थाई नाव: ‘मखुआ-थेत’. मखुआ म्हणजे वांगं, आणि ‘थेत’ म्हणजे संस्कृत ‘देश’. थाईमध्ये देशचा अर्थ सरकत सरकत ‘दूरचा देश, परदेश’ असा झाला. आपल्याकडे ‘देशी’ म्हणजे इथलं, आणि तिथे त्याच शब्दानं टोमॅटो बाहेरचा ठरतो.

तमिळ ‘तक्काळी’चा टोमॅटोशी ध्वनीनं काहीच संबंध दिसत नाही. मग तो शब्द कुठला?

तो तमिळचाच. टोमॅटो येण्याआधीपासून तक्काळी हे नाव याच कुळातल्या छोट्या रसाळ फळांच्या झाडांना होतं. आपण जिला कामोणी म्हणतो तिला तमिळमध्ये अजूनही ‘मणत्तक्काळी’ म्हणतात. मोठं लाल फळ आल्यावर नाव त्याच्याकडे सरकलं. मल्याळम आणि सिंहलीतही तोच शब्द. नाहुआत्लमध्ये घडलं तेच इथे स्वतंत्रपणे घडलं: छोट्या फळाचं कुळनाव मोठ्या लाल भावानं घेतलं.

शास्त्रीय नावात लांडगा कसा आला?

टोमॅटोचं शास्त्रीय नाव सोलानम लायकोपर्सिकम. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं ते १७५३ साली दिलं. दुसऱ्या शब्दात ग्रीक ‘लायकोस’ म्हणजे लांडगा आणि ‘पर्सिकॉन’ म्हणजे पीच: लांडग्याचं पीच. इथे लोक लांडगा होणाऱ्या माणसांच्या गोष्टी सांगतात, पण नावाचा उगम त्यांच्यात नाही. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या ग्रीक वैद्याच्या लेखनात अशा प्रकारच्या नावाची एक उग्र वासाची वनस्पती येते. तिला टोमॅटो म्हणणं अशक्य आहे, कारण टोमॅटो तेव्हा अमेरिकेतच होता. पण सोळाव्या शतकातल्या विद्वानांना प्रत्येक नवी वनस्पती जुन्या ग्रंथांत सापडायला हवी होती, म्हणून त्यांनी ते रिकामं पडलेलं नाव टोमॅटोला दिलं.

‘पर्सिकॉन’ म्हणजे तरी काय, तर ‘पर्शियाचं’ फळ. आणि पीच मूळचं चीनचं. म्हणजे चुकीच्या ओळखीवर चुकीचा पत्ता.

१७६८ साली फिलिप मिलर या इंग्रज वनस्पतिज्ञानं टोमॅटोला सोलानमबाहेर काढून लायकोपर्सिकॉन या वेगळ्या प्रजातीत ठेवलं आणि पुढे ‘एस्क्युलेंटम’, खाण्याजोगं, असं विशेषण जोडलं. जुन्या पाठ्यपुस्तकांत तेच दिसतं. डीएनएच्या अभ्यासानंतर लिनियसचं वर्गीकरण पुन्हा स्वीकारलं गेलं. लाल रंगद्रव्याच्या ‘लायकोपिन’ या नावात लांडगा अजून आहेच.

टोमॅटो फळ की भाजी?

वनस्पतिशास्त्रात फळ, त्यातही बेरी. पण हा प्रश्न शब्दार्थाचा आहे, आणि एकदा तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही गेला. १८८३ च्या कायद्यानुसार आयात भाज्यांवर कर होता, फळांवर नव्हता. न्यू यॉर्क बंदरात टोमॅटोवर कर घेतला गेला आणि ते आयात करणाऱ्या निक्स या व्यापाऱ्यांनी जकात अधिकारी हेडन यांच्यावर दावा लावला. वकिलांनी न्यायालयात चक्क शब्दकोश वाचले: एकानं ‘फळ’, ‘भाजी’ आणि ‘टोमॅटो’चा अर्थ, दुसऱ्यानं वांगं, काकडी, मिरचीचा. १० मे १८९३ रोजी न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी निकाल दिला: शास्त्रानं ते वेलीचं फळ असलं तरी लोकांच्या रोजच्या भाषेत ती भाजी आहे, आणि कायदा लोकांच्या भाषेत वाचायचा.

मराठीत हा खटला उभाच राहिला नसता. आपल्याकडे ‘फळभाजी’ हा शब्द आहे.

टोमॅटोवरून कोणते वाक्प्रचार आहेत?

जर्मनमध्ये समोरची उघड गोष्ट न दिसणाऱ्याच्या ‘डोळ्यांवर टोमॅटो असतात’, आणि ऐनवेळी दगा देणारा ‘बेइमान टोमॅटो’ ठरतो. स्पॅनिशमध्ये लाजून लाल होणारा ‘टोमॅटोसारखा होतो’, आणि मोज्याला पडलेल्या भोकालाही टोमॅटो म्हणतात. रशियनमध्ये ‘प्रेम सरलं, पोमिदोर सुकले’ असं म्हणतात. स्वाहिलीत ‘न्यान्या’ म्हणजे टोमॅटो आणि आजीही. हे वाक्प्रचार नव्हे, पण सांगितल्यावाचून राहवलं नाही.

टॅमरिलो हा टोमॅटोचाच प्रकार का?

कुळ तेच, झाड वेगळं. त्याला आधी ‘झाडावरचा टोमॅटो’ म्हणत. गोंधळ टाळावा आणि विक्री वाढावी म्हणून न्यूझीलंडमध्ये १९६७ साली ‘टॅमरिलो’ हे नवं नाव घडवलं गेलं. ते कोणत्याही जुन्या भाषेतलं नाही.

मराठीत बरोबर काय: टोमॅटो, टमाटर, टमाटे की आणखी काही?

लिहिताना ‘टोमॅटो’ रूढ आहे, पुल्लिंगी, आणि अनेकवचनातही तसंच राहतं: एक टोमॅटो, चार टोमॅटो. त्यातला ‘मॅ’ आपला स्वतःचा आहे. ब्रिटिश उच्चार ‘मा’कडे जातो, अमेरिकन ‘मे’कडे, आणि आपण दोन्ही सोडून तिसराच घेतला. बोलण्यात ‘टमाटे’, ‘टमाटं’ सर्रास ऐकू येतं, ‘टमाटर’ हिंदीच्या शेजारानं आलेलं आहे, आणि वऱ्हाडीत ‘भेदरं’ आहे.

यातलं कोणतंही रूप अशुद्ध म्हणून कुणाच्या तोंडून काढून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ‘टोमॅटो’ हेही तोमात्लचं नीट न ऐकलेलं रूपच आहे, तीन भाषांच्या तोंडून आलेलं. आणि ‘भेदरं’ म्हणणारी आजी अजून घरात असेल, तर तिला विचारावं की तिच्या लहानपणी कोणकोणत्या फळांना ते नाव होतं. कोशकारांना हवी असते ती माहिती तिच्याकडेच असते.